प्रतिसाद: वडिलांची चिडचिड हा स्वभाव नसावा

आपल्या वडिलांचे नाव यकृत-प्रत्यारोपणाच्या यादीत लागले असून ते हल्ली विनाकारण चिडतात, दिवसा झोपतात आणि रात्री जागतात, असे आपण लिहिले आहे. हा स्वभावाचा दोष समजू नये, अशी कळकळीची विनंती. निकामी होत चाललेल्या यकृताला रक्तातील अमोनिया पुरेसा काढता येत नाही, त्याचा परिणाम मेंदूवर होतो, आणि झोपेची उलटापालट, बिघडलेले अक्षर, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणे ही त्याची लक्षणे असू शकतात. माझ्या आईलाही हाच त्रास होता; तिला ब्लाउजचे हूक लावता येईनात, तेव्हा आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले. लॅक्ट्युलोज (शौचावाटे अमोनिया बाहेर काढायला मदत करणारे पातळ औषध) सुरू असल्यास दिवसातून २-३ वेळा मऊ शौचास होईल अशी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. याविषयी बोलायला रुग्णाला संकोच वाटतो, म्हणून घरच्यांनीच सहजपणे विचारावे. पापड-लोणच्याचे मीठ टाळावे, मात्र डाळ, पनीर परस्पर बंद करू नये, कारण प्रथिने तोडल्याने स्नायू झिजतात आणि शस्त्रक्रियेसाठी लागणारी ताकदच जाते. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.