सेग्रिगेशनला, म्हणजे वर्णावरून माणसांना वेगळं ठेवण्याला, मराठीत काय म्हणायचं?

मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना शिकवते. इथल्या घरांमधला आणि शाळांमधला वर्णभेद त्यांना मराठीत सांगायचा होता तर पहिल्याच शब्दाला अडकले. विलगीकरण म्हटलं की सगळ्यांना कोरोना आठवतो, पृथक्करण म्हटलं की रसायनशास्त्र. सुचवा ना कोणीतरी.

— ताई, सोपं म्हणा, 'वेगळ्या पडलेल्या वस्त्या'. मुलांना लगेच कळेल.

— पडलेल्या नको हो, पाडलेल्या म्हणा! एका कान्याचा फरक आहे पण सगळा इतिहास त्यातच आहे. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे काढले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं, मग कर्ज नाही म्हणून घर नाही, आणि शाळेचा बराचसा पैसा गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो म्हणून शाळाही मागे. आपोआप काहीच पडलं नाही.

— पटलं. मग उलट शब्दाला, इंटिग्रेशनला, 'सर्वसमावेशक' चालेल का? म्हाडाच्या २० टक्के घरांच्या योजनेचं नावच ते आहे. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत १९७४ पासून असाच नियम आहे, मोठ्या प्रोजेक्टमध्ये काही घरं कमी किमतीत द्यायचीच.

— योजनेला ठीक आहे, पण माणसांना मला तो शब्द खटकतो. समावेश म्हटलं की घेणारा एक आणि ज्याला घेतलं तो दुसरा. आमच्याच न्यू जर्सीतलं माउंट लॉरेल गाव बघा, इथेल लॉरेन्स यांचं कृष्णवर्णीय घराणं पिढ्यानपिढ्या त्याच गावचं, आणि गावाने झोनिंग, म्हणजे कुठे कसली घरं बांधायची याचे नियम, असं केलं की साध्या कमाईच्या माणसाला तिथे घर परवडूच नये. त्या कोर्टात गेल्या, १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वस्त घरांचा आपला वाटा गावाने उचलायलाच हवा. आता यात कोण कोणाला सामावून घेणार, गाव त्यांचंच होतं की!

— मग 'मिसळणे' घ्या. माणसं आपण होऊन मिसळतात आणि मुद्दाम मिसळताही येतात, क्रियापद एकच. न्यू जर्सीतल्याच मॉरिसटाउन आणि शेजारच्या मॉरिस टाउनशिप या दोन गावांच्या शाळा कोर्टाच्या १९७१ च्या निकालानंतर मुद्दाम एक केल्या, ती मिसळलेली शाळा.

— 'वेगळ्या पाडलेल्या वस्त्या, मिसळलेल्या शाळा', हेच फळ्यावर लिहिते. आणि त्याच तासाला 'चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट' (म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरणारा शाळांचा विभाग) हा शब्दही घेणार आहे, कारण घर बघताना आपण मराठी लोक इथे पहिलं तेच विचारतो, मीही विचारलं होतं, आणि त्यातल्या 'चांगलं'चा अर्थ काय हे मुलांनी विचारलं तर मला खरं उत्तर द्यायचंय.