मदत हवी आहे : दीड महिन्याच्या बाळाला कोरोना

नमस्कार. माझी पत्नी बाळंतपणासाठी खानापूर तालुक्यात माहेरी आहे. गेल्या आठवड्यात तिला कोरोना झाला आणि परवा आमच्या 42 दिवसांच्या मुलीची तपासणीही पॉझिटिव्ह आली. तीन महिन्यांखालील बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर घरी थांबायचे नसते, म्हणून 101 दिसताच आम्ही तिला बेळगावला नेले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून, छाती स्वच्छ असल्याचे सांगून घरी पाठवले. आता ताप नाही, परंतु नाक चोंदल्यामुळे ती दोन घोट घेते, सोडते, रडते आणि पुन्हा शोधू लागते.

सांगितल्याप्रमाणे पत्नी मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजते आणि बाळ शांत झोपले की आम्ही पूर्ण मिनिटभर श्वास मोजतो. ते 60 किंवा अधिक भरले, छाती आत ओढली गेली, दूध पिणे बंद झाले किंवा ओठ निळसर दिसले तर तत्काळ निघायचे आहे. (सूचनांचा कागद कन्नडमध्ये असल्याने शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला.)

खरी अडचण धुरीची आहे. आंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी दिल्याशिवाय आजेसासूबाईंना चैन पडत नाही, आणि धुराने बाळाचा श्वास अधिक अडेल हे त्यांना न दुखावता कसे समजवावे, ते सुचत नाही. तसेच नाकात सलाईनचे थेंब घातल्यावर किती वेळाने पाजल्यास बाळ नीट ओढते, हा अनुभव कोणाला असल्यास कृपया लिहावा. औषधांची नावे मात्र नकोत, ती डॉक्टरांकडूनच घेऊ.