पुराचा गाळ अंगणातून काढला, पण टाकायचा कुठं? (शेजाऱ्यांशी वाकडं न घेता)

कर्नाळरोडकर

मंडळी, पाणी यायच्या आधीच विचारून ठेवतोय. घर सांगलीत, कर्नाळ रोडच्या अंगाला, बोळ 11 फुटी, अंगण 20 बाय 15, पेव्हर ब्लॉक घातलेले. 2019 असो नाहीतर 2021, पुरापेक्षा जास्त तंटा पाणी उतरल्यावर गाळावरून झाला. वरच्या अंगाची घरं मोटर लावून सगळं बोळात ढकलतात आणि ते खालच्या दोन घरांच्या दारात जाऊन बसतं. काहीजण ढीग सरळ शेजाऱ्याच्या कंपाउंडला लावतात.

अंगणातून अंदाजे किती गाळ निघतो? ट्रॉली येईपर्यंत तो ठेवायचा कुठं? गटारीत थोडा-थोडा सोडला तर चालतं का? आणि बागेत घातलेला बरा की वाईट? अलमट्टी धरणामुळं पूर येतो की नाही हा वाद इथं नको, त्याला वेगळा धागा आहे.

गवंडीकाम

आधी हिशोब. 300 चौरस फूट अंगणावर 4 इंच गाळ म्हणजे 100 घनफूट, बरोबर एक ब्रास. ओला असताना त्याचं वजन पावणेपाच टनांच्या आसपास जातं. घमेल्यात साधारण 12 लिटर बसतो, म्हणजे 20 किलो. अशी अडीचशेच्या आसपास घमेली. दोन माणसांचा हा एका दिवसाचा खेळ नाही, म्हणून आधीच गडी सांगून ठेवा. नंतर कोण मिळत नाही.

पण खरी गंमत वेळेची आहे. पाणी घोट्याएवढं उरलेलं असताना काम सुरू करायचं. त्या वेळी गाळ ताकासारखा हलतो, लाकडी फळीनं नुसता ढवळला तरी ब्लॉक सोडतो. एकदा ऊन पडलं की ही आपली काळी माती, आकसते, भेगाळते आणि फटीत घट्ट बसते. मग खोऱ्यानं खरवडावी लागते आणि ब्लॉकच्या सांध्यातली वाळूही सोबत येते. घरातला गाळ मागच्या खोलीपासून दाराकडं काढत यायचं, अंगण शेवटी.

ढीग कुठं? स्वतःच्या हद्दीत, गेटच्या आत, ट्रॉलीत भरायला सोपं पडेल अशा ठिकाणी. उंची दोन फुटांच्या वर नको आणि कुठल्याही भिंतीपासून किमान तीन फूट लांब. आपल्याकडची बहुतेक कंपाउंडं साडेचार इंची, अर्ध्या विटेची. ओला गाळ पाण्यासारखाच आडवा रेटा देतो. त्यात पुरानं पायाची माती आधीच भिजून मऊ झालेली असते. चार फुटी ढीग लावला आणि वर एक पाऊस पडला की भिंत शेजाऱ्याच्या अंगणात आडवी. मग गाळाचं भांडण विटांवर जातं.

ड्रेनेजवाला

गटारीत "थोडा-थोडा" चालत नाही दादा. का ते सांगतो.

12 इंच खोल गटारीत 3 इंच गाळ बसला की पाव गटार गेली, हे दिसतं तरी. न दिसणारी जागा म्हणजे प्रत्येक घरापुढचा रॅम्प. गटारीवर फरशी टाकून गाडी चढवायची सोय केलेली असते ना, तिच्याखाली पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ नेमका तिथं बसतो. वर प्लास्टिक, चिंध्या अडकतात. वरची गटार स्वच्छ दिसते, खालचीही दिसते आणि मधल्या एका रॅम्पखाली बूच. पुढच्या सरीला पाणी त्या घराच्या गेटातून आत. भांडण मात्र ज्यानं शेवटी पाइप धरला त्याच्याशी होतं.

धुण्याचं पाणी सोडावंच लागतं, पण त्याची रीत आहे. सिमेंटची रिकामी पोती दोन-तृतीयांश वाळूनं भरा, तोंड आत दुमडून गेटच्या आत आडवी दोन थर लावा, वरच्या थरानं खालचे सांधे झाकले पाहिजेत. तोंडापर्यंत भरलेलं पोतं गोल राहतं, बसत नाही आणि दोन पोत्यांमधून पाणी पळतं. या बांधाच्या आत धुवायचं, दोन-तीन तास थांबायचं, मग वरचं एक पोतं सरकवून वरवरचं पाणी सोडायचं. ते गढूळच दिसेल, पण जड गाळ खाली राहिलेला असतो. तो खोऱ्यानं उचलून ढिगावर.

बोळात गाळ काढायचा तर सुरुवात खालच्या टोकापासून, नाल्याच्या बाजूनं. वरून सुरू केलं की खालच्याच्या गळ्यात पडतं. रॅम्पखाली बांबूची कामटी किंवा सळई दोन्ही बाजूंनी घालायची. एका बाजूनं कोंबलं तर बूच आणखी घट्ट होतं. आणि महावितरणच्या डीपीभोवती, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर, ड्रेनेजच्या झाकणावर ढीग नको. गाळाखाली गेलेलं झाकण शोधायला पुन्हा तुमचाच ढीग उकरायला येतात.

सेप्टिक टँक लगेच उपसायला गाडी बोलवू नका. जमिनीत पाणी भरलेलं असताना टँक रिकामी केली तर बाहेरच्या दाबानं भिंत खचते, हलकी टाकी असेल तर वर उचलली जाते. विहिरीची पातळी उतरू द्या.

गावभागातली वहिनी

तांत्रिक झालं, आता माणसांचं बघू. शेजाऱ्याशी बोलायची वेळ पाणी 40 फुटाला असताना, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी आली की. धोक्याच्या 45 ला सगळे सामान वर चढवण्यात असतात, आणि उतरल्यावर प्रत्येकाचं डोकं फिरलेलं असतं.

ठरवायच्या गोष्टी मोजक्या. ट्रॉली कुठं उभी राहणार. बोळातल्या गाळाचा ढीग एकाच बाजूला राहणार, म्हणजे ॲम्ब्युलन्स आणि टँकरला वाट राहील. ट्रॉलीचे पैसे कसे वाटायचे, हे सगळ्यात आधी! घरटी समान केलं की छोट्या घराचा माणूस कुरकुरतो, आणि त्याचं बरोबरच असतं. रस्त्याकडच्या लांबीवर, फुटाप्रमाणे वाटा. भाडेकरू असेल तर मालकाशी बोला, भाडेकरूच्या दारात पावती घेऊन उभं राहू नका. एकट्या आजी-आजोबांचं घर असेल तर त्यांचं अंगण आधी धरा. त्यांचा गाळ तिथंच वाळला तर शेवटी धूळ सगळ्या बोळानं खायची.

गाळ आणि कचरा एकत्र करू नका. भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य, फुगलेलं प्लायवूड वेगळं. मिसळलेला ढीग गाळाची गाडी घेत नाही, कचऱ्याची गाडी वजन बघून सोडून जाते, आणि तो महिनाभर ज्याच्या दारात असेल त्याच्या नावानं ओळखला जातो. धान्य पोत्यात बांधून पहिल्या फेरीला घालवा, वास त्याचाच असतो.

आणि खोरं लावायच्या आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ, गाळाची जाडी पट्टी लावून, सामान जागेवर. पंचनाम्याला येणाऱ्यांना धुतलेलं घर दाखवून उपयोग नाही.

कर्नाळरोडकर

वहिनी, लांबीवर वाटायचं पटलं. दोन शंका. आमच्या 11 फुटी बोळात जेसीबी आणावा का? आणि वरच्या अंगाचे एक काका "पाणी खालीच जाणार" म्हणून ऐकतच नाहीत, त्यांचं काय करायचं?

गवंडीकाम

जेसीबी साधारण साडेसात फूट रुंद असतो. 11 फुटात शिरेल, पण वळणार नाही, आणि रॅम्पवर चाक गेलं की फरशी मोडलीच. मुख्य रस्त्यावर उभा करून ट्रॉली भरायला वापरा. बोळातून तिथंपर्यंत गाळ हातगाड्यानं. बॉबकॅट (छोटा लोडर) मिळाला तर उत्तम, तो सहा फुटात चालतो. कुठलंही मशीन असो, खालचे दोन इंच हातानंच. बकेटचे दात ब्लॉक उपटतात. ट्रॉली पाऊण भरा. काठोकाठ भरलेला ओला गाळ मागच्या फाळक्यातून रस्ताभर सांडत जातो, आणि तो कुणाचा हे रेघेवरून कळतं.

ड्रेनेजवाला

काकांना गटारीचा उतार दाखवा. दोरी आणि पाण्याची नळी घेऊन त्यांच्याच रॅम्पची पातळी काढा. बऱ्याचदा जुने रॅम्प खाली दबलेले असतात आणि पहिलं बूच वरच्या घराच्याच दारात बसतं. हे एकदा डोळ्यानं बघितलं की माणूस आपोआप पोती आणायला जातो. तसं निघालं नाही तर मात्र त्यांच्या मुलाशी बोला.

मळेवाला

बागेचं कुणी सांगितलं नाही. नदीचा गाळ मळ्यात सोनं, हे खरं, पण शहरातल्या गाळाला ते लावू नका. शेरीनाल्याच्या बाजूच्या गाळात सांडपाणी असतं, गॅरेजं असतील तिथं ऑइल. हातावर चोळून बघा: बोटाला तेलकट तवंग किंवा संडासचा वास आला तर ट्रॉलीत घाला. चांगला असेल तर फुलझाडांना दोन इंचांचा थर, वाळल्यावर फोडून, शेणखत मिसळून. पालेभाजीला नको. नारळ, आंब्याच्या बुंध्याला टेकवू नका, एक फूट मोकळं ठेवा, नाहीतर साल कुजते.

गावभागातली वहिनी

मळेवाले दादा, कुंड्यांनाही नकोच म्हणते मी. काळा गाळ कुंडीत बसला की पाणी वरच राहतं.

आणि ब्लीचिंगबद्दल: गाळ असताना वरून पावडर टाकणं म्हणजे पैसे वाया, सगळा क्लोरीन चिखलच खातो. आधी धुवा, मग 10 लिटरच्या बादलीला 300 ग्रॅम ताजी पावडर, फरशीवर अर्धा तास. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही नको, विषारी वायू होतो. काम करताना गमबूट, हातमोजे; पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका आणि ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आधी सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यांनाही यायला हवी.

कर्नाळरोडकर

पोती 40 लागतील असं धरतोय, दोन थरांना. 10 फुटी गेटला जास्त होतील का?

ड्रेनेजवाला

सिमेंटचं पोतं भरल्यावर दीड-दोन फूट लांबीला बसतं. 10 फुटाला एका थराला सहा-सात, दोन थरांना 14. पंधरा-सोळा भरा, दोन जास्तीची शेजारच्या गेटला द्या.