मदत हवी आहे: एम.एड. लघुप्रबंध, टी-परीक्षिका की अँकोव्हा?

कोल्हापुरात एम.एड. दुसऱ्या वर्षाला आहे. विषय: सहावीच्या अपूर्णांकांवर कागदी पट्ट्यांच्या घड्यांचा परिणाम. शाळेने 'पोरं इकडची तिकडं करायची नाहीत' असं बजावल्यामुळे दोन तुकड्या आहेत तशाच घेतल्या. प्रायोगिक गट ३८, नियंत्रित ४१.

घोळ पूर्व चाचणीतच झाला. २५ पैकी मध्यमान प्रायोगिक गटाचं ९.२, नियंत्रित गटाचं १२.१. उत्तर चाचणीत १७.४ आणि १७.९. म्हणजे माझी पोरं चांगली आठ गुणांनी वर आली, पण नुसत्या उत्तर चाचणीवर टी-मूल्य काढलं (दोन गटांच्या मध्यमानांची थेट तुलना) की फरक सार्थ नाही, म्हणजे निव्वळ योगायोगानेही येऊ शकेल इतकाच! मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं, टी-परीक्षिकाच ठेव, तोंडीला सोपं जातं.

विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून जुने सात-आठ लघुप्रबंध चाळले, पण त्यांत गट मुळातच समान होते. जॅमोवी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्व चाचणी सहचल धरून अँकोव्हा केला, म्हणजे सुरुवातीच्या गुणांतला फरक हिशेबात घेऊन उत्तर चाचणीची तुलना केली; फरक सार्थ आला. दोन्ही गटांचे उतार (पूर्व गुणांनुसार उत्तर गुण किती बदलतात ते) समान आहेत का तेही तपासलं, अडचण दिसली नाही. चाचणी स्वनिर्मित आहे, विश्वसनीयता काढलेली आहे. प्रयोग पुन्हा घेता येणार नाही, पट्ट्यासुद्धा पोरांनी घरी नेल्या.

गट यादृच्छिक नसताना इथे अँकोव्हा योग्य, की प्रत्येकाच्या गुणवाढीवर टी? आणि आराखड्यात 'टी-परीक्षिका' मंजूर झालेली असताना विश्लेषणाचं तंत्र बदललं, तर प्रकरण तीनमध्ये ते कसं मांडायचं?