गॉर्डन घराणं : दोन्ही दगडांवर पाय

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत (कॅथलिक चर्चपासून प्रॉटेस्टंट फुटले तेव्हा) स्कॉटिश घराणी सरळ कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन गटांत विभागली गेली, असं मत मांडलं जातं; ते मला पटलं नाही. हंटलीचे गॉर्डनच बघा. चौथा अर्ल (सरदारकीचा किताब) जॉर्ज कॅथलिक, चुलता विल्यम अ‍ॅबर्डीनचा बिशप, तर सख्खा भाऊ अलेक्झांडर गॅलोवेचा बिशप असून प्रॉटेस्टंट सुधारकांना जाऊन मिळाला! १५५९ मध्ये अ‍ॅबर्डीन कॅथेड्रलची मौल्यवान चीजवस्तू सांभाळायला दिली ती या अर्लकडेच.

आणि हा कॅथलिक अर्ल लढला कुणाशी? कॅथलिक राणी मेरीच्याच फौजेशी. आधी या अर्लच्या ताब्यात असलेली मरेची जहागीर तिने आपल्या सावत्र भावाला दिली होती ना! १५६२ मध्ये कॉरिचीच्या रणांगणावर अर्ल मेला. पुढच्या वर्षी त्याचं मसाले भरून जपलेलं प्रेत संसदेपुढे आणून राजद्रोहाचा खटला चालवला. मेल्यावरही सुटका नाही.