मदत हवी आहे: पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद (हत्तींच्या वैद्यकाचा जुना संस्कृत ग्रंथ) समजावून सांगणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, मी चाळीसगावचा. दिवाळीत भाचीला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी बघायला नेलं होतं. विहाराच्या जोत्यावर कोरलेली हत्तींची रांग बघून ती म्हणाली, "मामा, हत्तीले औषध कोन पाजस?" उत्तर काही सुचेना.

घरी येऊन शोधलं, आणि अडकलोच. कथा अशी की अंगदेशाच्या (आजच्या बिहारकडच्या) रोमपाद राजाने हत्ती धरून आणले, तर त्यांच्यामागे कळपातच राहणारा पालकाप्य मुनी आला आणि त्यांच्या जखमांवर औषध लावत बसला! राजाला त्याने सांगितलेलं शास्त्र म्हणजे हस्त्यायुर्वेद. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ मध्ये छापला. महारोग (मोठे आजार), क्षुद्ररोग (किरकोळ आजार), शल्य (शस्त्रक्रिया), उत्तर (शेवटचा भाग) अशी चार स्थानं, म्हणजे विभाग. अर्थशास्त्रात कौटिल्यही हत्ती उन्हाळ्यात धरावा, वीस वर्षांचा धरावा, पिल्लू आणि गाभण हत्तीण धरू नये असं सांगतो.

माझं संस्कृत दहावीपुरतं, तेही शंभर मार्कांच्या लोभाने घेतलेलं. शल्यस्थानाच्या पहिल्याच पानावर गाडी रुतली. मराठी भाषांतर कुणाकडे आहे का? नसेल तर जळगाव-धुळ्याकडचं कोणी रविवारी तासभर सोबत बसून वाचेल का? पशुवैद्यक असेल तर फारच उत्तम. चहा आणि शेवभाजी माझ्याकडे.