कोणाच्याही कडेवर जाणारं पोर म्हणजे रुळलेलं पोर?

खाडीकाठ: काल ‘सुपारीची बाग’ यांनी इथे लिहिलं की दीड-दोन वर्षांचं मूल परदेशी दत्तक गेलं की महिन्यात रुळतं, ‘रडत नाही, कोणाकडेही हसत जातं, प्रेम दिलं की झालं, तपासण्या नि अहवाल म्हणजे कागदी घोडे.’ वाचून डोकं फिरलं.

हसत कोणाकडेही जाणं हेच तर आधी नोंदवायचं लक्षण. अनाथालयासारख्या संस्थेत पाळी बदलली की सांभाळणारी बाई बदलते. जो उचलेल त्याला बिलगायचं, एवढंच पोर शिकतं. रोमानियातून इंग्लंडात गेलेल्या १६५ मुलांचा बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या गटाने विशीपार पाठपुरावा केला. संस्थेत सहा महिन्यांहून कमी राहिलेली इंग्लंडातच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांच्या जवळपास बरोबरीने वाढली. जास्त राहिलेल्यांत परक्याशी अतिसलगी, चंचलपणा, आत्ममग्नतेसारखी लक्षणं मोठेपणीही टिकली. बुद्धीची पिछाडी मात्र बरीचशी भरून निघाली.

म्हणून पहिले काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं फक्त आई-वडिलांनी करायचं. आजी-मावशीने खेळावं, पण घास भरवू नये. पडल्यावर पोर आईकडेच धावू लागलं की मग पाहुणे बोलवा.

सुपारीची बाग: रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळातली कोंडवाड्यासारखी अनाथालयं आणि आपल्याकडच्या संस्था एकाच तागडीत? आणि युफर आणि व्हॅन आयझेंडूर्न या डच संशोधकांचं २००५ चं विश्लेषण सोयीने विसरलात. परदेशी दत्तक मुलांत वर्तनाच्या तक्रारी देशातल्या देशात दत्तक गेलेल्यांपेक्षा कमी निघाल्या.

शिवाय सहा महिन्यांची रेघ मारता, मग दत्तकाच्या फायलीला लागणाऱ्या वेळाचं काय? स्वखुशीने सोपवलेल्या मुलासाठी आईला फेरविचाराचे दोन महिने. टाकून दिलेलं असेल तर दोन वर्षांखालच्याला दत्तकासाठी कायद्याने मुक्त जाहीर करायला दोन महिने, वरच्याला चार. पुढे देशातलं घर आधी शोधायचं. बालन्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, पण टेबलं तीच.

खाडीकाठ: त्याच विश्लेषणात हेही आहे की ही मुलं दत्तक न गेलेल्या मुलांपेक्षा मानसोपचाराकडे जास्त पाठवली गेली. अर्धं वाचून भांडू नका. फायलींचं मात्र खरं आहे.

तिरफळ: वर्तन राहू द्या, पोटापासून सुरू करा. पोचल्या दिवसापासून गाईचं दूध पेल्यांनी ओतायचं, हा सगळ्यात महाग पडणारा उत्साह. पोर झपाट्याने वाढतं, त्या वाढीत अंगातलं लोह खर्ची पडतं, त्यात दुधाने पोट भरलं की लोहाचं जेवण राहतं. वर जुलाब. पहिले आठवडे संस्थेत होतं तेच द्या: उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. आडवं निजवून बाटलीने पाजलेल्या पोराला चावताच येत नाही; गुठळी आली की ठसका लागतो. पेज, घोटलेला भात, मग कणी. तोंड फिरवलं की एक पायरी मागे.

धोंडस: पेजेचं कौतुक पुरे झालं! नुसती पेज म्हणजे पाणी. कुपोषित पोराचं इवलंसं पोट त्यानेच भरतं आणि वजन जागेवर. तूप घाला, नारळाचा घट्ट रस घाला, मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व द्या.

तिरफळ: नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, कबूल. पण दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह अंगी लागू देत नाही. मोडाने ते कमी होतं, जात नाही. तेव्हा सत्त्वाला रामबाण म्हणणं बंद करा.

धोंडस: रामबाण कोण म्हणालं? वाचता तरी का? लिंबू पिळा की वरणावर, लोह अंगी लागतं.

सुपारीची बाग: वजन वाढलं की मूल सुधारलं, एवढं तरी मानाल की नाही?

खाडीकाठ: नाही. भारतातून स्वीडनला गेलेल्या १०७ मुलींच्या पाहणीत पाळी येण्याचं मध्यक (अगदी मधलं) वय ११.६ वर्षं निघालं, तिथल्या मुलींपेक्षा वर्षभराहून लवकर. खुंटलेलं शरीर एकदम सुटलं की असं होतं, नि वाढीचा काळ आखडून उंची मारली जाते. म्हणून वजनासोबत उंची मोजा, आणि मुलीची सात-आठाव्या वर्षापासून नीट तपासणी.

पोर उशीखाली भाकरीचा तुकडा लपवत असेल तर हिसकावू नका. त्याच्या हाताला लागेल असा खाऊचा डबा ठेवा, तो कधी रिकामा होऊ देऊ नका.

कुडाळची बाय: पाठीवरच्या निळ्या जन्मडागांचां कोणीच बोलूक नाय. तिकडच्या डॉक्टराक ते माराचे वळ वाटतत. जाण्याआधी फोटो काढून फायलीत लावा. आणि कान तपासा. बोलणां उशिरा येणारा पोर ‘मंद’ ठरता, खरां तर कान वाहता.

सुपारीची बाग: बरं, कडेवर जाण्याचं मागे घेतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी येणारे अहवालही चालू देत. रोमानियाचं मात्र पटलेलं नाही.

कुडाळची बाय: इतक्या झाला, पण पेजेत मीठ किती ता कोणी सांगलां नाय.

तिरफळ: वर्षाच्या आत अजिबात नाही. पुढे चिमूट.

धोंडस: आणि तूप?